बोलणारा फोन व आपलें कर्तव्य

(धर्मग्रामाच्या ज्युबिली-महोत्सवानिमित्त राजूर येथें भरलेल्या सभेंतील भाषण)



ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं आम्हीं दोन शब्द बोलावे अशी मंडळींची इच्छा झाली, तेव्हां प्रथम आम्हांस संकोच वाटला. ह्या धर्मग्रामाचा पूर्वेतिहास सांगण्यास आमच्याहून अधिकारी माणसें येथें बसलेलीं आहेत, आणि ज्यांनीं त्यासाठीं आपलें आयुष्य वेचलें त्यांचीं मुलें-नातवंडें समोर आहेत. त्यांच्यापुढें इतिहास आम्ही तो काय सांगावा? म्हणून आम्हीं जो विषय निवडला तो दिसावयास अगदीं लहान आहे. आपल्यापैकीं बहुतेकांच्या खिशांत किंवा पिशवींत तो आतांही असेल. ज्याला लोक स्मार्टफोन म्हणतात तो हा फोन. ज्यांस डोळ्यांनीं दिसत नाहीं, कानांनीं ऐकूं येत नाहीं, किंवा ज्यांचा हात कांपतो, अशा आपल्याच माणसांच्या तो कसा उपयोगीं पडतो, आणि त्या उपयोगाच्या आड आपणच कसे येतों, हें आज सांगावयाचें आहे.

महोत्सव म्हटला म्हणजे पताका लागतात, गाणीं होतात, पंगती उठतात. परंतु अशा प्रत्येक सभेंत मागल्या बाजूस भिंतीला टेकून कांहीं माणसें बसलेलीं असतात. त्यांस पताका दिसत नाहींत. कोणी हात धरून आणलें तर तीं येतात, आणि कोणी हात धरून नेईपर्यंत बसून राहतात. आपण त्यांस मान देतों, पहिलें ताट त्यांच्यापुढें ठेवतों. परंतु त्यांस आलेलें पत्र आपण वाचतों, त्यांचे पैसे आपण मोजतों, आणि त्यांच्या वतीनें उत्तरही आपणच देतों. हें सारें आपण मायेनें करतों ह्यांत शंका नाहीं. तथापि ह्या मायेंत एक उणीव राहून जाते, ती कोणती हें पुढें दिसेल.

ऐकून ज्ञान मिळविणें ही कांहीं आपल्याकडे नवी रीत नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं गोव्यांत रायतूर येथें छापलें गेलें, तें ओवीबद्ध मराठींत. आणि ओवी ही डोळ्यांपेक्षां कानांसाठींच असते. एकानें वाचावी आणि दहांनीं ऐकावी. पुढें १९०३ सालीं येशूसंघाचे जर्मन मिशनरी फादर हेन्री डोरिंग ह्यांनीं आपल्या नगर जिल्ह्यांतील मिशनांत काम करीत असतां ‘निरोप्या’ हें मासिक सुरू केलें. ज्या काळीं खेड्यांतून अक्षरओळख असलेलीं माणसें बोटांवर मोजण्याइतकीं होतीं, त्या काळीं मासिक काय किंवा पत्र काय, हातीं पडलें म्हणजे वाचणाऱ्याला शोधावें लागे. तेव्हां वाचतां येणारा माणूस हा साऱ्या वाडीचा डोळा होता. आज शाळा झाल्या, मुलें शिकलीं, तो काळ पालटला. परंतु ज्यांची दृष्टि गेली त्यांच्यापुरता तो काळ अद्याप तसाच उभा आहे.

त्यांच्यासाठीं जगानें कांहींच केलें नाहीं असें नाहीं. फ्रान्सांत लुई ब्रेल हा स्वतः लहानपणींच अंध झालेला मुलगा. त्यानें सहा उठावदार टिंबांची लिपि बसविली आणि १८२९ सालीं ती प्रसिद्ध केली. आपल्याकडे अमेरिकन मराठी मिशनच्या मिस अ‍ॅना मिलर्ड ह्यांनीं १९०० सालीं मुंबईंत अंधांसाठीं शाळा काढली. ती आज दादर येथें कमला मेहता ह्यांच्या नांवानें चालते. निरनिराळ्या भारतीय भाषांसाठीं निरनिराळ्या ब्रेल पद्धति होत्या, त्या एकत्र आणून १९५१ सालीं ‘भारती ब्रेल’ ठरविण्यांत आली, आणि मराठी अंध मुलांस आपल्या भाषेंत बोटांनीं वाचतां येऊं लागलें. हें उपकार लहान नव्हेत. परंतु ब्रेलचीं पुस्तकें जाड, जड व महाग होतात. शिवाय साठाव्या-सत्तराव्या वर्षीं ज्याची दृष्टि काचबिंदूनें गेली त्याच्या नांगराच्या मुठीनें राठ झालेल्या बोटांस तीं बारीक टिंबें ओळखणें फार कठीण जातें. अशा माणसाला लिपि नको, आवाज हवा.

हा आवाज फोनमध्यें आला त्यांत एका पुणेकराचा मोठा वाटा आहे, हें आपल्यापैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल. टी. व्ही. रामन ह्यांचा जन्म १९६५ सालचा. लहानपण पुण्यास गेलें. काचबिंदूमुळें वयाच्या चौदाव्या वर्षीं त्यांची दृष्टि गेली. भावानें व इतरांनीं पाठ्यपुस्तकें वाचून दाखवावीं आणि ह्यांनीं ऐकून तीं ध्यानांत ठेवावीं, अशा रीतीनें पुण्याच्या वाडिया कॉलेजांत त्यांनीं गणिताची पदवी घेतली, मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें संगणकशास्त्र केलें, आणि अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठांत जाऊन १९९४ सालीं डॉक्टरेट मिळविली. त्यांच्या प्रबंधाचा विषय कोणता? गणिताचीं अवघड सूत्रें यंत्रानें ऐकणाऱ्यास समजेल अशीं कशीं वाचून दाखवावीं, हा. त्या वाचणाऱ्या यंत्रणेला त्यांनीं ‘अ‍ॅस्टर’ हें नांव दिलें. तें त्यांना वाट दाखविणाऱ्या कुत्र्याचें नांव होतें. पुढें २००५ सालीं ते गूगल कंपनींत गेले, आणि तेथें चार्ल्स चेन ह्या सहकाऱ्याबरोबर त्यांनीं अँड्रॉइड फोन न पाहतां वापरतां यावा म्हणून जें काम केलें त्यांतून ‘टॉकबॅक’ हा वाचक तयार झाला. २००९ सालापासून तो अँड्रॉइड फोनबरोबर येऊं लागला. त्याच वर्षीं अ‍ॅपल कंपनीच्या फोनमध्यें ‘व्हॉइसओव्हर’ नांवाचा तसलाच वाचक आला. ज्या मुलाला दुसऱ्यांनीं वाचून दाखवावें लागत होतें, त्यानेंच पुढें लाखों अंधांच्या हातीं वाचक दिला. बंधुभगिनींनो, उपकाराची फेड ह्याहून चांगली ती कोणती?

आतां हा वाचक काम कसें करतो तें सांगतों. तो विकत आणावा लागत नाहीं. आजच्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्यें ‘सेटिंग्ज’ उघडून ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ ह्या नांवाखालीं गेलें कीं ‘टॉकबॅक’ सांपडतो. आवाज लहान-मोठा करण्याचीं जीं दोन बटणें बाजूस असतात, तीं दोन्ही एकदम सुमारें तीन सेकंद दाबून धरलीं असतां तो चालू किंवा बंद होईल, अशी सोय तेथेंच करून ठेवतां येते. मराठीचा आवाज नसेल तर तो एकदां उतरवून घ्यावा लागतो. मग वाचण्याच्या कामास इंटरनेट लागत नाहीं. ही गोष्ट आपल्या भागांत फार मोलाची आहे. भंडारदऱ्याच्या बाजूस डोंगराआड गेलें कीं रेंज जाते, आणि पावसाळ्यांत तर राजूरांतही ती केव्हां जाईल ह्याचा भरंवसा नसतो; तरी आधीं येऊन पडलेला निरोप फोन वाचून दाखवितो.

टॉकबॅक चालू झाला म्हणजे फोनची रीत बदलते, आणि येथेंच नवशिका गोंधळतो. एरवीं बोट लावलें कीं वस्तु उघडते. आतां बोट लावलें कीं फोन तिचें नांव सांगतो, उघडत नाहीं. उघडावयाची असेल तर दोनदां चटचट टिचकी मारावयाची. बोट डावीकडून उजवीकडे सरकविलें कीं पुढची वस्तु, उजवीकडून डावीकडे सरकविलें कीं मागची. पान वर-खालीं सरकवावयाचें तर दोन बोटें वापरावयाचीं. एवढ्या चार गोष्टी हाताला बसल्या म्हणजे फोन लागणें, निरोप ऐकणें, कोणाचा फोन आला हें समजणें, इतकीं कामें स्वतःस करतां येतात. वाचण्याचा वेग आपल्याला रुचेल तसा कमी-अधिक करतां येतो. पडदा अगदीं काळा ठेवूनही फोन वापरतां येतो. म्हणजे शेजारच्यास कांहीं दिसत नाहीं आणि आपलें काम होतें.

ज्यांस थोडें दिसतें त्यांनीं टॉकबॅकच्या वाटेला एकदम जाऊं नये. त्यांच्यासाठीं अक्षर मोठें करणें, पडदा भिंगाखालीं धरल्यासारखा वाढविणें, काळ्यावर पांढरें अक्षर आणणें ह्या सोयी त्याच ठिकाणीं आहेत. ‘सिलेक्ट टू स्पीक’ नांवाची आणखी एक सोय आहे. तींत फक्त आपण निवडलेला मजकूर फोन वाचतो, बाकी फोन नेहमींसारखा राहतो. ज्यांस लिहितां येत नाहीं किंवा ज्यांचीं बोटें कांपतात त्यांनीं अक्षरफळ्यावरील माइकची खूण दाबून बोलावें. फोन तें लिहून काढतो. गूगलनें ऑगस्ट २०१७ मध्यें अनेक भाषांबरोबर मराठींतही ही सोय आणली. तिला बहुधा इंटरनेट लागतें, आणि आपल्या डांगाणी बोलींतील शब्द ती पुष्कळदां चुकविते. म्हणून पाठविण्यापूर्वीं लिहिलेलें एकदां वाचवून घ्यावें. ज्यांस ऐकूं येत नाहीं त्यांच्यासाठीं समोरचा माणूस बोलतो तें अक्षरांत उमटविणारें ‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’ हें साधन २०१९ सालीं निघालें. त्याच्या कर्त्यांपैकीं दिमित्री कानेव्हस्की हे स्वतः लहानपणापासून बहिरे आहेत. पाहा, रामन काय किंवा कानेव्हस्की काय, ज्याला बोचलें त्यानेंच कांटा काढला.

पैशांच्या बाबतींतही एक सोय सांगण्याजोगी आहे. नव्या नोटांचे आकार एकमेकांच्या इतके जवळ आहेत कीं नुसत्या बोटांनीं त्या ओळखतांना घोटाळा होतो. ह्यासाठीं रिझर्व्ह बँकेनें १ जानेवारी २०२० रोजीं ‘मनी’ नांवाचें अ‍ॅप काढलें. नोट कॅमेऱ्यासमोर धरली कीं ती किती रुपयांची हें फोन बोलून सांगतो. एकदां घेतल्यावर त्यालाही इंटरनेट लागत नाहीं. नोट खरी कीं खोटी हें मात्र तें सांगत नाहीं, एवढें ध्यानांत ठेवावें. बाजाराच्या दिवशीं उरलेले पैसे परत घेतांना दुकानदाराच्या प्रामाणिकपणावर सर्वस्वीं विसंबून राहावें लागूं नये, इतका आधार त्यानें खास मिळतो.

आतां आम्ही एक हकीकत सांगतों. तिनेंच ह्या विषयाकडे आमचें लक्ष ओढलें.

आमच्या ओळखीचे एक वृद्ध गुरुजी राजूरजवळच्या एका वाडींत राहतात. त्यांनीं आयुष्यभर मुलांस वाचावयास शिकविलें, आणि उतारवयांत काचबिंदूनें त्यांचेच डोळे गेले. काचबिंदूनें गेलेली दृष्टि परत येत नाहीं. मुलगी नाशिकास असते. ती फोनवर बोले, आणि पुष्कळदां लिहूनही पाठवी, कारण कांहीं गोष्टी बोलण्यापेक्षां लिहिणें सोपें जातें. तिचे निरोप शेजारचा एक शाळकरी मुलगा वाचून दाखवी. मुलगा गुणी, गुरुजींवर त्याचा जीव. एके दिवशीं निरोप आला; मुलानें तो मनांत वाचला आणि म्हणाला, “गुरुजी, ताई म्हणते, आमचें सगळें ठीक आहे, तुम्ही काळजी करूं नका.” गुरुजींनीं समाधानानें मान हालविली. असें आणखी दोन-तीनदां झालें.

पुढें आम्हीं गुरुजींस टॉकबॅक शिकविण्यास आरंभ केला. पहिले आठ दिवस फार त्रासाचे गेले. फोन एकसारखा बोले, टिचकी वेळेवर पडेना, आणि एकदां तर त्यांनीं रागानें फोन अंथरुणावर टाकला व म्हणाले, “हें माझ्या वयाचें काम नव्हे.” आम्ही गप्प बसलों. थोड्या वेळानें त्यांनीं स्वतःच तो चाचपून घेतला. पंधरवड्यानें त्यांस निरोप उघडतां येऊं लागले. मग एका संध्याकाळीं ते एकटेच बसून मुलीचे जुने निरोप ओळीनें ऐकत होते, आणि त्यांत त्यांस तो निरोप लागला. जांवयाची नोकरी गेली होती, घराचें भाडें थकलें होतें, आणि मुलीनें विचारलें होतें, “बाबा, चार महिने मुलांना घेऊन तिकडे येऊं का?” ह्या निरोपाला दोन महिने होऊन गेले होते. बापानें उत्तर दिलें नाहीं असें मुलीनें मानलें होतें, आणि पुन्हां विचारलें नव्हतें.

गुरुजींनीं मुलाला बोलाविलें. आम्हांस वाटलें, ते रागावतील. ते एवढेंच म्हणाले, “बाळ, तूं मला दुःख होऊं नये म्हणून गाळलेंस, हें मी जाणतों. पण तें दुःख माझें होतें रे.” मुलगा रडूं लागला, गुरुजींनीं त्याच्या पाठीवरून हात फिरविला. त्याच रात्रीं त्यांनीं माइकची खूण शोधून, चुकत-माकत, स्वतःच्या तोंडानें मुलीला उत्तर लिहिलें. दिवाळीपूर्वीं ती मुलांसह येऊन राहिली. ह्यापेक्षां अधिक आम्ही सांगत नाहीं.

बंधुभगिनींनो, आरंभीं आम्हीं जी उणीव म्हटली ती हीच. वाचून दाखविणारा कितीही प्रेमळ असला तरी तो गाळूं शकतो, बदलूं शकतो, विसरूं शकतो. आणि ऐकणाऱ्याला तें कधींच कळत नाहीं. निरोप ज्याच्या नांवें आला त्याच्याच कानीं तो सगळा पडला पाहिजे, मग तो सुखाचा असो कीं दुःखाचा. पेन्शन किती आली, डॉक्टरानें काय लिहिलें, लेकीनें काय विचारलें, ह्या गोष्टी साऱ्या वाडीला आधीं कळाव्या आणि घरधन्याला मागाहून, ही काय रीत झाली? दृष्टि गेली म्हणून माणसाचें गुपित जात नाहीं, आणि त्याचा निर्णयही जात नाहीं.

ह्या कामांत सरकारी कायदाही आतां बोलूं लागला आहे. २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानें माहिती व तिचीं साधनें सर्वांस वापरतां यावींत ही जबाबदारी शासनावर घातली. पुढें ३० एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एक महत्त्वाचा निकाल दिला. बँकेचें खातें उघडतांना किंवा ओळख पटवितांना फोनसमोर डोळे मिचकावून दाखवा अशी अट असते. ज्यांचे डोळे आम्लहल्ल्यांत गेले किंवा जे जन्मतः अंध आहेत त्यांनीं ती कशी पाळावी? न्यायालयानें म्हटलें कीं फोन व संगणकाच्या द्वारें मिळणाऱ्या सेवा सर्वांस वापरतां येणें हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदांतील जीवनाच्या हक्काचाच भाग आहे, आणि ही ओळखीची पद्धत सुधारण्यासाठीं वीस आज्ञा दिल्या. तेव्हां एखाद्या कचेरींत आपल्या वडिलांस “तुम्हांस दिसत नाहीं, कोणाला तरी घेऊन या” असें सांगितलें, तर मुकाट्यानें परत येऊं नये. नम्रपणें ह्या निकालाची आठवण द्यावी.

परंतु सरकारकडे बोट दाखविण्यापूर्वीं आपण आपल्या अंगणांत पाहूं. धर्मग्रामाच्या सूचना आतां व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. त्या कशा येतात? रंगीत चित्र काढून, त्यांत फुलें, मेणबत्त्या व नक्षीदार अक्षरें घालून. डोळसाला तें सुंदर दिसतें. टॉकबॅकला मात्र तें केवळ ‘फोटो’ असतें. मिसेची वेळ बदलली, कोणाच्या घरीं दुःखद घटना घडली, प्रार्थनासभा कोणत्या घरीं आहे, हें सारें त्या चित्रांत कोंडलेलें राहतें. चित्रांतील अक्षरें ओळखणारीं साधनें आहेत खरीं, पण नक्षीपुढें तीं अडखळतात. म्हणून चित्र हवें तर खुशाल पाठवा, परंतु त्याखालीं तोच मजकूर साध्या अक्षरांत टाइप करून घाला. काम एका मिनिटाचें आहे, आणि त्यासाठीं पैसा लागत नाहीं.

दुसरा दोष आमच्या छापखान्यांच्या संवयीचा आहे. मराठी छपाईंत पुष्कळ वर्षें असे फाँट चालले, कीं ज्यांत यंत्राच्या पोटांत इंग्रजी अक्षरांचे अंक असतात आणि वर केवळ मराठी अक्षराचें रूप चढविलेलें असतें. डोळ्यांस तें मराठी दिसतें. पण बोलणारा फोन रूप पाहत नाहीं, पोटांतील अंक वाचतो, आणि त्यामुळें ‘प्रार्थना’ ह्या शब्दाच्या जागीं निरर्थक इंग्रजी अक्षरें बडबडतो. युनिकोड नांवाच्या पद्धतींत प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा अंक आहे. ती १९९१ सालीं निघाली आणि आजचे सर्व फोन ती जाणतात. म्हणून ही जी स्मरणिका आपण काढीत आहों, तिची एक प्रत छापणाऱ्याकडून युनिकोडमध्यें मागून घ्यावी, अशी आमची मंडळींस विनंति आहे. नाहीं तर ज्या वृद्धांच्या कष्टांची कथा तींत छापली, त्यांच्यापैकीं कित्येकांस ती स्वतः वाचतां यावयाची नाहीं. पुस्तकांच्या बाबतींत असें व्हावें ह्याचें दुःख अधिक, कारण २०१२ सालीं ग्रंथस्वामित्वाचा कायदा बदलून अंधांसाठीं पुस्तक वाचनीय रूपांत आणण्यास मोकळीक दिली गेली; २०१४ सालीं माराकेश करारास मान्यता देणारा भारत हा जगांत पहिला देश ठरला; आणि २४ ऑगस्ट २०१६ रोजीं ‘सुगम्य पुस्तकालय’ हें अंधांसाठींचें ग्रंथालय इंटरनेटवर उघडलें. दार उघडलें आहे. आपलींच पुस्तकें आंत जाण्याजोगीं नाहींत.

तिसरा दोष आपल्या हातांचा. वृद्ध माणूस फोनशीं झटत असला कीं आपण चटकन म्हणतों, “द्या इकडे, मी करतो.” हें वाक्य शिकणाऱ्याचें धैर्य खचवितें. शिकवावयाचें असेल तर फोन त्यांच्याच हातीं राहूं द्या आणि आपण शेजारीं बसा. एका दिवशीं एकच खूण शिकवा. तरुणांनीं आधीं स्वतः आपल्या फोनवर रुमाल टाकून तासभर टॉकबॅकनें काम करून पाहावें. म्हणजे चिडावयाचें कोठें आणि थांबावयाचें कोठें हें आपोआप समजेल. यरीहोच्या वाटेवर आंधळ्या बार्तिमयाला प्रभूनें जवळ बोलाविलें तेव्हां आधीं काय केलें, हें आपण सर्व जाणतों. त्याला काय हवें आहे हें विचारलें. त्याची गरज सर्वांस उघड दिसत होती, तरी विचारलें. आपणही आधीं विचारावें.

एक सावधगिरीची सूचना दिल्यावांचून राहवत नाहीं. फोन मोठ्यानें बोलतो, म्हणून बँकेंत किंवा बसमध्यें कानांत इअरफोन घालावा. बँकेकडून येणारा ओटीपीचा अंक कोणी फोनवरून विचारला तर तो सांगूं नये, मग विचारणारा स्वतःस कोणीही म्हणवो. गुप्त पिन शेजारच्या मुलासही देऊं नये. अविश्वास म्हणून नव्हे; पुढें कांहीं गोंधळ झाला तर त्या मुलावर नाहक आळ येऊं नये म्हणून. ज्याला आपला फोन आपणच वाचतां येतो त्याला फसविणें अवघड जातें, हा ह्या विद्येचा आणखी एक लाभ.

आतां आमचें भाषण आवरतों. ज्युबिलीची आठवण म्हणून दगडाची एखादी पाटी बसेल, ती बसावीच. तिच्याबरोबर आम्ही तीन गोष्टी मागतों. धर्मग्रामाची प्रत्येक सूचना साध्या अक्षरांतही जावी. ह्या स्मरणिकेची युनिकोड प्रत ठेवावी, आणि जो मागेल त्याला ती द्यावी. आणि युवकांपैकीं चार-सहा जणांनीं रविवारीं मिसेनंतर अर्धा तास मागल्या बाकावर बसावें. ज्या वडिलांस शिकावयाचें असेल ते फोन घेऊन तेथें येतील. ह्या तिहींना मिळून जो खर्च येईल तो एका पताकेच्या खर्चाहून अधिक नाहीं.

गुरुजी आज ह्या सभेस आले आहेत. त्यांनीं आम्हांस बजावलें होतें कीं त्यांचें नांव घेऊं नये, तें आम्हीं घेतलें नाहीं. परंतु हें भाषण लिहून झाल्यावर आम्हीं तें कालच त्यांच्या फोनवर पाठविलें होतें, आणि रात्रीं त्यांचें उत्तर आलें. त्यांनीं एक चूक दाखविली. ती आम्हीं दुरुस्त केली आहे. चूक दाखवावयास आधीं वाचावें लागतें, आणि त्यांनीं तें स्वतः वाचलें, ह्याहून मोठा आनंद ह्या महोत्सवांत आम्हांस दुसरा नाहीं.